सप्ताहाची भांडी आणि सिस्टरची खोली

सप्ताह संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरोग्य उपकेंद्रामागची खोली उघडली आणि धुतलेली पातेली आत रचली. ही खोली खरं तर सिस्टरला राहायला बांधलेली. बरीच वर्षं रिकामी होती आणि किल्ली पंचायतीने माझ्याकडे ठेवलेली, म्हणून मीच भजनी मंडळाचे हंडे, सतरंज्या, मंडपाचे बांबू तिथे ठेवले. आताच्या सिस्टर नांदेडहून येऊन-जाऊन करतात. पाचची गाडी गेली की गावात नर्स नाही. त्या सकाळी त्यांनी तिसऱ्यांदा खोली मागितली. नाहीतर बदलीचा अर्ज देते, म्हणाल्या. मी म्हणालो, "बघू सिस्टर, देवाचं सामान हाय."

त्याच दिवशी आम्ही नवरा-बायको उदगीरपलीकडच्या खेड्यात अक्काकडे निघालो. माझ्या या थोरल्या बहिणीला नातू झाला होता. नायगावहून नरसी, तिथे गाडी बदलून मुखेडमार्गे उदगीर. अर्धं तिकीट काढूनही खिडकी हिनेच घेतली. नरसीला लिंबू पिळून चुरमुऱ्यांची गरम सुशीला खाल्ली. तुम्ही गेलात तर तिथेच खाऊन घ्या, पुढे गाडी फारशी थांबत नाही. मुखेडनंतर दोन्ही बाजूंना तूर फुललेली होती. उदगीरहून पुढे जीप, आणि जीपमध्ये निम्मी माणसं कानडी बोलणारी.

दुसऱ्या दिवशी बाळाचं वजन करायला अक्काबरोबर तिथल्या उपकेंद्रात गेलो. आमच्यापेक्षा लहान, रंग उडालेलं. आमच्या उपकेंद्रावर सरकारने चांगला खर्च केलाय. फरशी, पाण्याची टाकी, बाळंतपणाचं नवं टेबल. पण इथे मागच्या खोलीचं दार उघडं होतं, दोरीवर साड्या वाळत होत्या, आत कुकरची शिट्टी झाली. ओल्या केसांनी सिस्टर बाहेर आल्या आणि बाळाला मावशीसारखं उचलून घेतलं.

अक्काने सांगितलं, आठव्या महिन्यात सुनेचे पाय सुजले होते. एका संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, तर सिस्टर घरीच आहेत म्हणून सहज दाखवायला गेली. रक्तदाब वाढला होता. लगेच उदगीरला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

घरी आल्यावर हिने आमच्या खोलीची गोष्ट अक्काला सांगून टाकली. अक्का आधी हसली. "देवाच्या हंड्यांना पलंग लागतो का रं, बापू?" मग हळू आवाजात म्हणाली, "तुझी लेक पहिलटकरीण. पुढच्या महिन्यात माहेरी येनार. रातच्याला तिचं डोकं दुखलं, तर कुनाला उठवशील?"

बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं, त्यामुळे उठूनही जाता येईना.

परतीच्या गाडीत नेहमीसारखा जप सुरू केला, पण नामाऐवजी गावातल्या लेकीसुनाच आठवत राहिल्या. कळा सोसत, जीपमध्ये आदळत नायगावला गेलेल्या. प्रत्येकीला देवाने सांभाळलं, असं मी म्हणत आलो. खोलीची किल्ली माझ्याच खिशात होती, हे मनात कधी आलं नाही. सरकारने खर्च केला होता; वाट मी अडवली होती.

खोली रिकामी करतो म्हटल्यावर मंडळात कुरकुर झाली. एकाने विचारलं, भांडी मग ठेवायची कुठं? माझ्या बैठकीत, म्हणालो. आता पाहुणे आले की हंडे सरकवून खुर्च्या मांडाव्या लागतात. हिने तक्रार केलेली नाही.

सोमवारी खोली झाडली, आतून चुना मारला आणि किल्ली सिस्टरच्या हातात दिली.