चौथ्या मजल्यावरची न्हाणी

दारव्ह्याहून नागपूरच्या विमानतळापर्यंत बाबांनी मला त्यांच्या जीपनं सोडलं. एरवी ही काळी-पिवळी दारव्हा ते यवतमाळ खच्चून भरून धावते. त्या दुपारी तिच्यात आम्ही चौघंच होतो: बाबा, आई, आत्या आणि मी. मागं माझ्या दोन बॅगा. एवढ्या सीटा रिकाम्या असूनही आई आणि आत्या मला मध्ये घेऊन चिकटून बसल्या होत्या. आत्यानं जर्मनीत तांदूळ मिळतो का, हे तीनदा विचारलं. आईनं एकच गोष्ट विचारली, तीही विमानतळाच्या दारात, बाबा ट्रॉली आणायला गेल्यावर, आत्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

“आंघोळीच्या खोलीले आतून कडी आहे का, ते आधी पाहजो. बाकी मंग.”

मी हसले. कापडाच्या इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पुढं शिकायला परदेशी निघालेली चोवीस वर्षांची मुलगी मी, आणि आईला काळजी कशाची, तर कडीची.

आज तिच्या त्या प्रश्नाचं मला हसू येत नाही. आईचं माहेर दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातलं. तिथं तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या आडोशाला, अंगावर लुगडं ठेवूनच बायका आंघोळ करायच्या. लग्न होऊन दारव्ह्याला आली तर इथंही घरामागं एक सपाट दगड आणि पोत्याचा पडदा. वारा आला की पडदा उडायचा. मी चार वर्षांची असताना बाबांनी विटांची न्हाणी बांधली, पत्र्याचं दार लावलं. तेव्हा आमचं घर एका खोलीचं होतं. आधी दुसरी खोली काढायची सोडून हा न्हाणी कायले बांधून राह्यला, म्हणून गल्लीतली माणसं बाबांना हसली. बाबा विटा रचत राहिले. आई ती न्हाणी अजूनही देव्हारा पुसावा तशी पुसते, असं मी म्हणाले असते, पण आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्या तसबिरी आणि ती न्हाणी, या दोन गोष्टींवर आई धूळ बसू देत नाही.

जर्मनीतल्या ज्या लहानशा शहरात मी गेले, तिथल्या वसतिगृहाच्या कागदावर ‘सामायिक बाथरूम’ असं लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. यवतमाळच्या होस्टेलातही आम्ही चाळीस मुली तीन बाथरूम वापरायचो, तेव्हा त्यात मला वेगळं काही दिसलं नाही. चौथ्या मजल्यावर लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना मिळून दहा खोल्या, एका टोकाला किचन आणि दुसऱ्या टोकाला दोन बाथरूम. पहिल्या सकाळी टॉवेल, साबण, कपडे असा सगळा गठ्ठा घेऊन मी तिथं गेले आणि दारांवर बायकांची पाटी शोधू लागले. पाटी नव्हती. एवढ्यात एक दार उघडलं आणि एक उंचापुरा मुलगा बाहेर आला. कमरेला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. तो “मॉर्निंग” म्हणाला आणि माझ्या बाजूनं पळाल्यासारखा निघून गेला. मी गठ्ठा छातीशी धरून खोलीत परत आले आणि दार लावून बसले. कडी होती. आईचा प्रश्न सुटला होता. माझा सुरू झाला होता.

त्या मजल्यावर सहा मुलगे होते आणि माझ्यासकट चार मुली. बाकीच्या मुलींना त्यात काहीच वाटत नव्हतं. त्या ब्रश करता करता मुलांशी गप्पा मारायच्या. मला कोणी काही वाईट बोललं नाही, कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. तरी कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की माझे हात थांबायचे. सगळे क्लासला गेले की मी आंघोळीला जाऊ लागले, त्यामुळं पहिलं लेक्चर रोज चुकायचं. बाकी वेळी बाथरूमला जावंच लागू नये म्हणून मी पाणी पिणं कमी केलं. ही युक्ती मला कोणी शिकवावी लागली नाही. लग्नाकार्याला निघताना आमच्याकडच्या बायका हेच करतात. बाबांच्या जीपमध्ये बसणाऱ्या बायाही पाण्याची बाटली पुढं केली तर मान हलवतात.

घरी फोन केला की आई विचारायची, “समदं नीट हाय ना?” मी म्हणायची, “हाव, समदं नीट.”

पाचव्या आठवड्यात मला थंडी वाजून ताप आला. ओटीपोटात आग आणि पाठीत कळ. दोन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. माझं दार वाजवलं ते त्या पहिल्या दिवशीच्या टॉवेलवाल्या मुलानंच. त्याचं नाव मारेक, पोलंडचा, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. फ्रीजमधलं माझं दूध दोन दिवस हललं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. माझा चेहरा पाहून तो आत आला नाही. समोरच्या खोलीतल्या लेनाला बोलावून आणलं. लेना जर्मन, शिक्षिका व्हायला शिकत होती आणि शिक्षिकेसारखीच वागायची. तिनं मला अंगात कोट चढवला आणि डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर वयस्क बाई होत्या. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “तुम्ही लघवी धरून ठेवता का?” मी हो म्हणाले. “का?” म्हणाल्या, तशी मी रडायला लागले. लेना माझ्या शेजारीच बसली होती. परतताना बसस्टॉपवर मी तिला सगळं सांगितलं: तुराट्यांचा आडोसा, पोत्याचा पडदा, पावलांचे आवाज. बस आली आणि गेली, आम्ही तिथंच बसून होतो.

मला बरं वाटल्यावर तिनं सगळ्यांना किचनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता माझी समजूत घालतील, इथं असंच असतं म्हणून सांगतील. लेना माझ्याकडं वळून म्हणाली, “तुला काय हवंय ते सांग.”

खरं सांगते, हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारलाच नव्हता. घरी आई-बाबांना न विचारता कळायचं, आणि बाहेर विचारायची रीत नव्हती. मी अडखळत म्हणाले की सकाळी सात ते साडेसात एक बाथरूम मुलींसाठी असावं, आणि बाहेर येताना सगळ्यांनी अंगात कपडे घालून यावं. कोणी हसलं नाही. मारेक मात्र खाली पाहत म्हणाला, “कपडे ठेवू कुठं? आत एक खुंटीपण नाही. खाली ठेवले की भिजतात.”

मग म्हणाला, त्यालाही टॉवेलवर बाहेर यायला आवडत नाही. लहानपणी गरम पाणी सांडून त्याची पाठ भाजली होती, तो डाग कोणी पाहू नये म्हणून तो कॉरिडॉरमधून पळत जायचा. त्या सकाळी तो माझ्याजवळून का पळाला होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला घाबरत होते आणि तो मला. दुसऱ्या दिवशी त्यानं दारावर अडकवायच्या लोखंडी खुंट्या आणल्या, दोन्ही बाथरूममध्ये चार-चार. मी वेळेचा कागद लिहून चिकटवला. पहिलं लेक्चर पुन्हा सुरू झालं.

घरी मात्र मी अजूनही “समदं नीट” एवढंच सांगत होते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. खोलीत नेट नीट येत नसे, म्हणून मी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसले होते. घरी आत्याही आली होती. तेवढ्यात माझ्या मागं बाथरूमचं दार उघडलं आणि मारेक बाहेर आला. अंगात पूर्ण कपडे, पण डोकं ओलं. फोनवर माझे घरचे दिसल्यावर त्यानं मी शिकवलेला नमस्कार केला, दोन्ही हात जोडून.

आत्या म्हणाली, “हा पोट्टा तुह्या न्हाणीतून काहून निघाला?”

मी उत्तर शोधेपर्यंत बाबा उठले आणि फोनच्या चौकटीतून बाहेर गेले.

त्यानंतर चार दिवस बाबा फोनवर आले नाहीत. आई म्हणायची, “गाडीवर गेले.” पाचव्या दिवशी मी आईला म्हटलं, आत जाऊन बस, मला सगळं सांगायचंय. आणि सांगितलं. दहा खोल्या, दोन बाथरूम, पाणी न पिणं, ताप, डॉक्टर, मारेकची भाजलेली पाठ, खुंट्या. ती म्हणाली, “तू मले काहून नाही सांगतलं?”

“तू कायजी केली असती.”

“कायजी तं मी करूनच राह्यली. खोटी कायजी करत होती, आता खरी करीन.” आणि मग म्हणाली, “पाणी पेत जाय, बाई. मी नाही पेलं, तू पेत जाय.”

आईनं फोन स्पीकरवर ठेवला होता आणि बाबा तिथंच दाराशी उभे असावेत. फोन त्यांच्या हातात गेला. ते खाकरले. “पंचवीस वर्सं झाले, माह्या गाडीत बाया-माणसं अंगाले अंग लावून बसतेत. गाडीत कोण बसते ते पायतो मी. कोणी वाकडा वागला तं उतरवतो. तथं तसा कोणी आहे का?”

“नाही, बाबा.”

“मंग झालं.” मग त्यांनी विचारलं, “त्या पोट्ट्याची पाठ आता दुखत नाही ना? त्याची माय बी तिकडं कायजी करत असन.”

मारेकला मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं पुढच्या कॉलवर बाबांना आपल्या आईचा फोटो दाखवला.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. शिक्षण संपलं, इथंच एका कापड गिरणीत नोकरी लागली. आता माझं स्वतःचं छोटं घर आहे, आणि बाथरूम माझं एकटीचं. पहिल्या आठवड्यात मी त्यात तासन् तास घालवले आणि दुसऱ्या आठवड्यात मला कॉरिडॉरमधल्या गप्पांची आठवण यायला लागली. लेना शाळेत शिकवते. मारेक परत गेला, लग्न झालं, मुलगी आहे. दारव्ह्याच्या घराला दुसरी खोली झाली, तिसरी झाली.

त्या फोननंतर एक मात्र बदललं. मी अर्धवट सांगणं सोडलं, आणि हळूहळू आईनंही सोडलं. गेल्या वर्षी एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली, “तुले एक सांगायचं होतं.” तुझा जन्म झाला तेव्हापासून अंग खाली येतं, म्हणाली, म्हणजे गर्भाशय खाली सरकलेलं. मला एकोणतीस वर्षं लागली हे ऐकायला. ती तशीच शेतात तण निंदायला जायची, तशीच पाण्याच्या कळश्या उचलायची, आणि कोणाला म्हणजे कोणालाच, बाबांनाही, तिनं सांगितलेलं नव्हतं. “म्या म्हटलं, पोरगी परक्या मुलखात डॉक्टरनीले सांगू शकते, तं मी कायले लपवू.”

मग तिनं बाबांनाही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी फेरी घेतली नाही. तिला पुढं आपल्या शेजारी बसवून यवतमाळला नेलं. ऑपरेशन झालं. मी सुट्टी काढून गेले आणि पंधरा दिवस तिच्या उशाशी होते. तिला न्हाऊ घालायचे तेव्हा आधी ती लाजून पाठ फिरवायची. चौथ्या दिवशी तिनं फिरवली नाही. ऊन पाणी खांद्यावर घेत ती मला माहेरच्या गोष्टी सांगत बसली, ज्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या.

तुमच्यापैकी जे घर सोडून परदेशी आलात, आणि जे आता बॅगा भरताय, तुम्हालाही घरचे विचारतील, तिकडं समदं नीट ना. मला विचाराल तर घर आता दारव्ह्यात आहे की इथं, हे मला नेमकं सांगता येत नाही. पण ज्या माणसांना मी “नाही, नीट नाही” असं म्हणू शकते, आणि जी तेवढंच मला म्हणू शकतात, ती जिथं असतील तिथं मी घरी असते. उद्या रविवार आहे. आई बोलायला बसेल, आणि बाबा तिच्या मागं, नेहमीसारखे चौकटीत निम्मेच दिसतील.