फेडरमधलं कुंकू

वायरी जोडताना सोल्डरच्या धुराचा वास आला की मला अजून ती रात्र आठवते. कवठे महांकाळचं आमचं नाटक पहिल्यांदाच सांगलीला नाट्यस्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलं होतं, आणि स्टेजवरचे एलईडी दिवे चालवायचं यंत्र मी घरीच, जेवणाच्या डब्यात बसवलं होतं. त्याचा फेडर, म्हणजे सरकतं बटण, खाली ओढला की सूर्यसुद्धा मावळावा! पण "मशीनबी कलाकारच हाय," म्हणत दिग्दर्शकांनी ते पूजेला नटराजापुढं ठेवलं आणि फेडरच्या फटीत चिमटी-चिमटी करत मूठभर हळदकुंकू भरलं. शेवटच्या प्रवेशात म्हातारा मेला, आता हळूहळू अंधार करायचा, तर फेडर निम्म्यातच रुतला. समोर परीक्षक. मला एवढा घाम फुटला की विहीर भरली असती. घाबरून यंत्रातून दिव्यांकडं जाणारी वायरच उपटली, तरी दिवे शेवटचा हुकूम धरून तसेच चालू! विंगेजवळ पडलेला मेलेला म्हातारा ओठ न हलवता म्हणाला, "आवं, दिवं घालवा की! किती वेळ मरू?" मागून दिग्दर्शक ओरडले, "मेन स्विच पाड रं गड्या!" मी धावलो, पण पोचायच्या आत मेलेल्याला असा ठसका लागला की नाटकातल्या बायकोनं रडता रडता त्याची पाठ थोपटली. बक्षीस सांगलीतच राहिलं. आता मी दिव्यांसाठी दुकानातला तयार बोर्ड वापरतो, तरी रंगमंचावर कुणी मेलं की माझी नजर आधी त्याच्या पोटावर जाते: किती वेळ दम धरंल हा?