खाटेला बांधलेला कुत्रा

आमच्याकडे जळगावात उन्हाळ्यातला एक दिवस बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा असतो, आणि त्या दिवशी घरातली कुत्री बांधलेली असतात. ज्वारीचा घाटा पहाटेच शिजवायचा, गच्चीवर ओल्या साड्या अंथरून त्यावर हाताने थापायचा आणि ऊन चटके द्यायच्या आत खाली उतरायचं. कुत्रं एकदा त्यावरून गेलं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून सासूबाईंनी आमच्या गावठी कुत्र्याला सकाळीच पुढच्या खोलीत नेलं आणि आपल्या लोखंडी खाटेला साखळीने बांधलं.

"बांधेल बरा. बठ्ठ्या बिबड्या तुडी टाकी," त्या म्हणाल्या. सासूबाई धुळ्याकडच्या. जळगावात जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच.

हा कुत्रा माझ्या नवऱ्याने असोद्याहून पिल्लू असताना आणलेला. तेव्हा सासूबाईंनी लेकाशी अबोला धरला होता. पुढे सासरे गेले आणि कुत्रा सासूबाईंच्या खाटेखाली झोपू लागला. तोंडाने शिव्या आणि तव्यावरची पहिली भाकरी त्याला, असा त्यांचा कारभार. पंखा जरा जास्त वेळ फिरला तरी विजेच्या बिलावरून माझं डोकं खाणाऱ्या या बाईने त्या सकाळी कुत्र्याला उकडू नये म्हणून कूलर चालू ठेवला होता, हे मला कूलर पेटल्यावर कळलं.

आम्ही बायका गच्चीवर होतो. जळका वास आला तेव्हा घाटा बुडाशी लागला असं वाटून मी शेजारणीवरच डाफरले. मग कठड्यापलीकडून काळा धूर वर आला. जिना बाहेरून होता, त्यामुळे आम्ही सगळ्या सुखरूप उतरलो. नवरा भुसावळला ड्युटीवर, मुलगी सुट्टीसाठी फैजपूरला मामाकडे. घरात फक्त तो होता, आणि तो भुंकत होता.

मोकळा असता तर केव्हाच पळून आला असता. आजही माझं मन तिथेच अडकतं. त्याला कोणी उचलून आणायची गरज नव्हती, नुसता साखळीचा आकडा काढायचा होता. पण त्या खोलीला खिडकी एकच आणि तिच्यातच पेटलेला कूलर. वर लाकडी पोटमाळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या रचलेल्या. त्यांनी पेट घेतला होता आणि पुढच्या दारातून धुराचे लोट बाहेर येत होते. मी आत शिरायला गेले तर शेजाऱ्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. मी चावले एकाला. खरंच चावले.

अग्निशमनची गाडी आली. त्यातला एक तरुण जवान माझ्याकडे धावत आला. "ताई, आत माणूस कोणी आहे का?"

"कुत्रा आहे. बांधलेला आहे."

"माणूस?"

"नाही."

त्याने मान हलवली आणि तो सिलिंडरकडे वळला. बाजूच्या दाराने स्वयंपाकघरातले दोन्ही सिलिंडर त्यांनी बाहेर काढले. ते बरोबरच होतं. सिलिंडर फुटला असता तर अख्खी गल्ली गेली असती, हे मलाही कळत होतं. कळत होतं आणि चीड येत होती. कारण भुंकणं आता बदललं होतं. दिवाळीत फटाके फुटले की तो सासूबाईंच्या पदराखाली घुसून जसा रडायचा, तसा रडत होता.

मी त्या जवानाच्या मागे धावले. "अहो, जा ना! दारापासून चार पावलांवर आहे तो!"

"ताई, साहेबांची परवानगी नाही. माणूस असता तर गेलो असतो."

माणूस असता तर. ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी मुलगी आत आहे!"

त्याने काही विचारलं नाही. मी मघाशी नाही म्हणाले होते, त्याचीही आठवण करून दिली नाही. तोंडावर मास्क ओढला आणि पायरी चढला. मला एवढा आनंद झाला की मी रडायला लागले. वाचला, वाचला, असं मी मोठ्याने म्हणत होते.

आणि मागून सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी त्या पोराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"नको जाऊ, भाऊ. मनी सून खोटं बोली ऱ्हायनी. पोर फैजपूरले शे. घरमा कुत्रा शे, फक्त कुत्रा."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी पट्टा सोडला नाही. "तुनी माय घर वाट देखत व्हई," त्या म्हणाल्या. साहेबांनी ओरडून त्याला खाली बोलावलं. तो उतरला. आतून रडणं येतच होतं. सासूबाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कानावर हातही ठेवले नाहीत त्यांनी. थोड्या वेळाने पोटमाळा खाली आला आणि मग काही ऐकू आलं नाही.

आग विझल्यावर तोच जवान आत गेला. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याने कुत्र्याला बाहेर आणलं आणि कडुनिंबाखाली ठेवलं. सासूबाई शेजारी बसल्या. पोतं उघडायला त्यांनी कोणाला दिलं नाही.

"साखळी सोडी का रे, भाऊ?"

"सोडली, आजी."

नातेवाईक नंतर भेटायला आले आणि म्हणाले, कुत्र्यावर निभावलं, माणसं वाचली. त्या पोराच्या जिवाचं मोल मलाही आहे. तरी मी भांडते. तो आत गेला असता तर पोटमाळा अंगावर पडला असता, असं सगळे म्हणतात. त्याच्या आधी तो बाहेर आला असता, असं मी म्हणते. बिबड्या आता आमच्या घरी होत नाहीत. त्या दिवशी थापलेल्या गच्चीवर कडक वाळल्या होत्या, त्या शेजारणींनी वाटून नेल्या.

एक गोष्ट सासूबाईंना माहीत नाही. गाडी निघायच्या आधी त्या जवानाने मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, खोटं बोलल्याबद्दल ऐकवणार. तो खाली बघून बोलत होता.

"ताई, कुत्र्याने खाट ओढत दारापर्यंत आणली होती. उंबऱ्याला अडकली होती, धुरात दिसली नाही. मी बाहेरून नुसता हात घातला असता तरी... खाट मी परत आत सरकवली आहे. आजींना सांगू नका."

सासूबाईंचं आणि माझं आजही पटत नाही. मिठावरून, पाण्यावरून, कशावरूनही वाजतं. माझी जीभ तिखट आहे, मी कोणाचं ठेवून घेत नाही. भांडण रंगात आलं की ती खाट दरवेळी माझ्या ओठांवर येते. मग मी स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून उभी राहते.