वाणाची निळी पिशवी

आमच्या मराठी मंडळात अजूनही म्हणतात, की तिला इंग्रजी जमलं नाही म्हणून नोकरी लागली नाही. हे खोटं आहे. मला ते पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आता वय झालंय. निदान एवढं तरी सरळ करून जावं.

इंजिनियर म्हणून निवृत्त झाल्यावर मी सिंगापूरच्या एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात कोर्सची व्यवस्था पाहत असे. आमचा रुग्णसेवेचा कोर्स सरकारी अनुदानावर चाले. नागरिकांची आणि पीआरवाल्यांची, म्हणजे कायम रहिवाशांची, बहुतेक फी सरकार भरायचं, पण वर्ग भरला तरच. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की कोर्स बंद, आणि कोर्स बंद म्हणजे मी घरी. घरी बसण्याची मला फार भीती वाटे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयाच्या मुख्य नर्सबाई कॉफी पिताना म्हणाल्या, यापुढे आमची माणसं आम्हीच शिकवणार, बाहेर शिकलेली घेणार नाही. आणखी दोन ठिकाणी विचारलं, तिथंही तेच. केंद्रात मी हे कुणाला सांगितलं नाही.

मग पासिर रिसला आमच्या फ्लॅटवर हळदीकुंकू झालं. वाण म्हणून मी केंद्राच्या निळ्या कापडी पिशव्या आणल्या, आत कोर्सचं माहितीपत्रक.

बायको चिडली. “हे वाण आहे की जाहिरात?”

“पिशवी सगळ्यांनाच लागते,” मी म्हणालो. वाण कुणी परत करत नाही, हे मी हेरलं होतं.

मंडळात जिच्याबद्दल बोलतात, ती शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायची. नवऱ्याची सेम्बावांगच्या शिपयार्डातली नोकरी नुकतीच गेली होती. ती एका पाळणाघरात मुलांचा स्वयंपाक करायची. घर त्यावर चालत होतं. पिशवी घेऊन ती माझ्यापाशी आली.

“काका, वर्ग दिवसाचे आहेत. हातातलं काम सोडावं लागेल. नोकरी लागेल ना नक्की?”

“अगं, या देशात म्हातारी माणसं वाढतायत. तुला कोण नाही म्हणेल?”

तिनं काम सोडलं. आणखी तिघी वेळ जावा म्हणून आल्या. वर्ग भरला.

ती मन लावून शिकली. रुग्णाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, याचा सराव घरी नवऱ्यावर करायची. तो एकदा लिफ्टमध्ये भेटला. “काका, तुमच्या कोर्सपायी मी रोज पेशंट. पोळी उलटावी तशी उलटते मला!” आम्ही हसलो. तो जरा जास्तच मोठ्यानं हसला.

ती वर्गात पहिली आली. शिकवणाऱ्या चिनी बाईंनी मला मुद्दाम सांगितलं, हिचं बोलणं स्वच्छ आहे, म्हाताऱ्यांना चटकन कळतं. पण रुग्णालयांकडे केलेल्या तिच्या अर्जांना उत्तरं आली नाहीत. पाळणाघरानं तोवर दुसरी बाई ठेवली होती.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं, “बाकी सगळं येत असेल, इंग्रजीत अडली असणार. हो ना काका?”

ती दोन हातांच्या अंतरावर प्रसाद वाटत होती.

“असेल,” मी म्हणालो.

तिनं माझ्या हातावर खिरापत ठेवली आणि पुढं गेली. पुढच्या वर्षीही आमचा वर्ग भरला. कसा, ते मला पुन्हा लिहायला लावू नका.

त्यानंतर एकदा ती बाजारात भेटली. हातात तीच निळी पिशवी, केंद्राचं नाव धुऊन धुऊन पुसट झालेलं, वर कोथिंबीर. माझ्यासाठी थांबली.

“बरं झालं भेटलात काका. माझं इंग्रजीच आड आलं, सगळे म्हणतात ते खरंय. आधी त्याचाच कोर्स करीन म्हणते. त्याचेही पैसे सरकार देतं ना? तुमच्या माहितीत आहे का एखादा?”

आजूबाजूला मंडळातलं कुणी नव्हतं; तिला खरं सांगायला हीच वेळ होती.

“बघतो,” मी म्हणालो.