माझा पहिला सेट

आठवीतच शाळा सुटली. इंग्रजी मोजकंच यायचं. पण दादरला दातांच्या लॅबमध्ये कामाला लागले आणि एकाच शब्दानं डोकं खाल्लं: सेट. प्लास्टर सेट होतं. मेणात दात सेट करायचे. वरची-खालची कवळी मिळून एक सेट. माझ्या खोलीतली मैत्रीण केस सेट करून यायची. आणि दर रविवारी नांदेडहून आईचा फोन, "सेट झालीस का माय तिकडं?"

"होतेय," मी म्हणायची. करत काय होते, तर दातांची मापं घ्यायचे ट्रे धूत होते.

एक दिवस लॅबच्या ताई म्हणाल्या, "परळच्या आजींचा अख्खा सेट तू कर. बसला तर या टेबलावर जागा तुझी. नाही बसला तर ट्रे आहेतच."

मापात प्लास्टर ओतलं आणि जीव थाऱ्यावर राहीना. दर दोन मिनिटांनी नखानं टोकरून बघत होते. घाईत साचा सोडवला, तर प्लास्टरच्या हिरडीचा काठच तुटून हातात आला.

ताई ओरडल्या नाहीत. "भाताचं झाकण असं सारखं उघडतेस का गं? प्लास्टर आधी तापतं, मग निवतं. गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

आजींना माप द्यायला पुन्हा दवाखान्यात यावं लागलं; ते आणायला मीच गेले. "परत तो चिखल तोंडात?" त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून ट्रे पुढे केला.

या खेपेला ओढणीत हात गुंडाळून बसले. बऱ्याच वेळानं साचा गालाला लावून पाहिला. कोमट. पुन्हा बसले. माठासारखा गार लागला, तेव्हाच सोडवला. काठ शाबूत! त्यावर मेणात एकेक दात सेट केला.

कवळी बसवायच्या दिवशी ताईंनी मलाही दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, एकसष्टपासून मोजा." ताई कानात कुजबुजल्या, "स म्हणताना शिट्टी वाजली, तर दात चुकले."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." शिट्टी नाही. एकोणसत्तर. सत्तर. नाहीच!

"बास, आजी."

"बास कशाला? चार वर्षांनी धड बोलतेय मी!" आजी शंभरावर जाऊनच थांबल्या.

लॅबमध्ये परतल्यावर ताईंनी माझ्यासाठी टेबलाजवळ स्टूल ओढलं. देवानं या बाईला उदंड आयुष्य द्यावं.

रविवारची वाट न बघता आईला फोन लावला. "झाले गं," मी म्हणाले.

"काय झालं माय? रडतीस कशाला?"

मग मीच मोजायला लागले, "एकसष्ट, बासष्ट..."