दुसऱ्या पर्वात मागे राहिलेला उतारू

गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरकाका म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीवर होता. पाहुणे दारात घोटाळले की काका आतून ओरडत, "पुढे सरका, आत जागा आहे!" आणि पाहुणे निमूट पुढे सरकत. आयुष्यभर त्यांनी एकच अभिमान मिरवला. चहापाण्याला उतरलेला एकही उतारू त्यांच्या गाडीनं कधी मागे टाकला नाही. सगळी डोकी मोजल्याशिवाय घंटी नाही, मग ड्रायव्हर कितीही फुरफुरो.

काकूंचा खाक्या वेगळा. त्या दोऱ्याच्या कारखान्यात तपासनीस होत्या. दोरा बोटांतून सोडायचा, गाठ लागली की "नापास". कारखाना सुटला तरी बोटांची सवय सुटली नाही. भाजी, पडदे, शेजारणीचा स्वभाव, सगळं तपासून व्हायचं. जावयालासुद्धा त्यांनी पहिल्या वर्षी काठावरच पास केलं होतं.

अशा बाईंनी टीव्हीवरची ती अवकाशयानाची मालिका मात्र पहिल्याच पर्वात पास केली. काकांना त्यातलं काही कळत नसे, काकू समजावून सांगत. एकदा पडद्यावर कडी असलेला ग्रह आला. काकू कप ओठांशी धरून तशाच बसून राहिल्या, चहा गार झाला. काकांनी त्या दिवशी ग्रह पाहिलाच नाही. ते काकूंकडे बघत होते.

दुसरं पर्व यायच्या आत काकूंची नजर गेली. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, तरी जायची तेव्हा दिवा मालवावा तशी गेली. काकू रडल्याबिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दुसरं पर्व एकदा ऐकून बघते. नाही जमलं तर टीव्ही माझ्या धाकट्या भावाला देऊन टाका. संध्याकाळी मी आपली पडून राहीन. मला उठवायचं नाही."

दिवेलागणीला भिंतीकडे तोंड करून पडलेल्या काकू काकांच्या डोळ्यांसमोर आल्या.

"मी सांगतो ना, काय दिसतंय ते."

"तुम्ही? तुम्हाला ग्रह आणि फुगा यातला फरक कळतो का?"

पहिला भाग लागला. काका खुर्ची ओढून पडद्याच्या नाकाशी बसले. "दार उघडलं. दोघं चढले. एक उतरला. दार बंद."

"अहो, यान आहे की तुमची गाडी?"

"दिसतंय ते सांगतोय!"

आणि खरोखर तेवढंच दिसत होतं. एक राखाडी बोळ, एक सरकतं दार आणि चार माणसं, जी काही केल्या बोलायची थांबत नव्हती. ग्रह औषधाला नव्हता. काकूंचे ओठ आवळले. आता "नापास" येणार, हे काकांनी ओळखलं.

"खिडकी!" ते ओरडले.

"कुठाय खिडकी?"

"डावीकडे. बाहेर ग्रह आहे. जांभळा. आणि सूर्य दोन आहेत. म्हणून प्रत्येक दगडाला दोन दोन सावल्या."

हे कुठून आलं ते काकांनाही कळलं नाही. माणसानं जन्मात सुट्टीच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण कपाकडे निघालेला काकूंचा हात वाटेत थांबला.

"दोन?" त्या हळूच म्हणाल्या.

"दोन. एक लांबट, एक आखूड."

मग काय, काकांच्या तोंडाला ग्रह लागले. काचेची झाडं आली, झोपेत प्रकाशणारी जनावरं आली. सवयच ती, एके दिवशी त्यांनी यानात एक म्हाताराही चढवला, हातात पत्र्याची पेटी असलेला; चढताना ती पायरीला आपटलीसुद्धा. पुढच्या भागात तो एका ग्रहावर पाय मोकळे करायला उतरला. तिथला समुद्र दिवसा आकाशात चढायचा आणि संध्याकाळी खाली यायचा. काठावर उभं राहिलं की डोक्यावर लाटा. काका त्या समुद्रात इतके रमले की भाग संपला, संगीत वाजलं, यान निघूनसुद्धा गेलं.

सकाळी चहा पिताना काकू म्हणाल्या, "अहो, तो म्हातारा चढला का?"

काकांना ठसका लागला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांचा उतारू मागे राहिला होता.

पुढच्या प्रत्येक भागाला काकूंचा तोच प्रश्न. पण पडद्यावरची चौघं एकमेकांना श्वास घेऊ देईनात, तर काकांना कुठून देणार? म्हाताऱ्याला परत आणायला फटच सापडेना. एका संध्याकाळी मेहुणा आला, म्हणजे टीव्हीचा वारसदार. काकूंनी म्हाताऱ्याची चौकशी केली तसा तो म्हणाला, "ताई, कुठला म्हाता—" आणि काकांची टाच त्याच्या पायावर पडली.

"आई गं!"

"काय झालं रे?"

"काही नाही, ताई. ग्रह फार मोठा आहे."

स्वयंपाकघरात तो कुजबुजला, "भावजी, हे पर्व अगदीच टुकार आहे. ताईला कळलं तर?"

"तर टीव्ही तुझा."

मेहुण्यानं क्षणभर विचार केला, कारण टीव्ही चांगला होता. मग म्हणाला, "राहू दे. रिकामा डबा नेऊन काय करू? ग्रह तर तुमच्याकडेच राहणार."

शेवटच्या भागाला काकू हाताची घडी घालून बसल्या. "म्हातारा परत आला नाही तर नापास. बाकी कितीही चांगलं असो."

कप्तानानं भाषण सुरू केलं आणि काही केल्या आवरेना. अखेर दार सरकलं, चौघं निघून गेली आणि पडद्यावर नुसता राखाडी बोळ उरला. आवाज बंद.

काका उठून उभे राहिले.

"यान वळलं! मागे वळलं. तो बघ समुद्र, खाली उतरतोय. अख्खा समुद्र, अगं, कुणी चादर अंथरावी तसा, थेंबाचाही आवाज न करता. आणि काठावर म्हातारा, पेटीवर बसलेला. घाबरलेला नाही. मान वर करून नुसता बघतोय. दार उघडलं. चला आजोबा, पुढे सरका, जागा आहे." काकांनी खरंच डोकी मोजली, बोट नाचवत. मग चमचा उचलून कपावर वाजवला. टण, टण.

काकूंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"ही घंटी मालिकेतली नाही."

"नाही."

"म्हातारापण नाही."

काका खुर्चीत बसले. "कधी कळलं?"

"शंका खिडकीच्या वेळीच आली होती. मग म्हातारा चढला, पायरीला पेटी आपटली म्हणालात. पत्र्याची पेटी, आणि आवाज नाही? डोळे गेलेत माझे, कान नाही."

"मग रोज विचारत का होतीस?"

"बघत होते, त्याला आणायला जाता का."

काकूंनी निकाल दिला, "मालिका नापास. नुसत्या गाठी." मग त्यांनी चेहरा वर केला, छताकडे, आणि आवाज एकदम खाली आला. "पण तो समुद्र... तो मला दिसला हो. आत्ता, इथे वरून गेला."

काकांना वर बघायचं धाडस झालं नाही. त्यांचाही चहा गार झाला होता.

"अहो," जरा वेळानं काकू म्हणाल्या, "त्या पेटीत काय होतं?"

काका टीव्हीपाशी गेले, बटण दाबून तो बंद केला आणि काळ्या पडद्याकडे नीट बघत म्हणाले, "थांब जरा. कुलूप आहे. उघडतो."