नव्वद अंशांची साक्ष

फिरत्या रंगमंचाखाली, मोटरशेजारी बसणाऱ्या त्या माणसाला सगळी नाटक कंपनी 'मोजपट्टी' म्हणायची. गडी मोजल्याशिवाय खुर्चीवरही बसायचा नाही. मंच फिरवणाऱ्या चिपचा प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहिला होता, आणि त्याचा काय तो तोरा!

मोटर बारीक बारीक टप्प्यांनी फिरे, आणि ते टप्पे चिप मोजत असे. मंच किती अंश फिरला, हे त्या टप्प्यांना भागून केव्हाही काढता आलं असतं. पण चिप बिचारी लहान, भागाकारात रेंगाळेल, म्हणून मोजपट्टीने अंशांचा आकडा चिपच्या स्मृतीत वेगळ्या कप्प्यात साठवला. टप्पे बदलले की तोही बदलायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि एका प्रयोगात बाई पडल्या. बाई म्हणजे कंपनीतल्या सर्वांत ज्येष्ठ नटी. अंधारात मंच फिरायचा, त्यांनी आठ पावलं टाकून खुर्चीत बसायचं. त्या बसल्या, तर खुर्ची हातभर बाजूला! दिवे लागले, प्रेक्षक खदखदून हसले.

"मंच चुकला का रे?" व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

मोजपट्टीने यंत्राच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "छे! नव्वद म्हणजे नव्वद. मंच हलत नाही हो, वय हलतं."

कंपनी हसली. बाईंनी दुसऱ्या दिवशी भूमिका सोडली.

तीन आठवड्यांनी नेपथ्य लावणारे मामा म्हणाले, "पलंग चढवायला मी हाताचं बटण दाबून मंच जरा सरकवतो, तेव्हा तुझा आकडा ढिम्म हलत नाही. झोपतो की काय?"

मोजपट्टीने प्रोग्रॅम उघडला. हाताच्या बटणाच्या भागात टप्पे बदलत होते. अंश बदलायची ओळच नव्हती! बाई पडल्या त्या दिवशीही मामांनी पलंग चढवला होता. मंच सरकला, आकडा जुनाच राहिला, आणि मोजपट्टीने साक्षीला नेमका तोच बोलावला. अंशांचा कप्पा काढून त्याने दर वेळी भागाकार लावला. मंच पूर्वीइतक्याच झोकात फिरला. जो वेळ वाचवायला एवढा उपद्व्याप केला, तो कुणाला जाणवलाही नसता.

तो बाईंच्या घरी गेला. सूनबाईंनी दार उघडलं. "हळू बोला. सासूबाईंची तालीम चाललीय. रोज चाळीस वेळा."

आत फरशीवर खडूच्या आठ खुणा होत्या, पुढे खुर्ची. डोळ्यांना रुमाल बांधून बाई पावलं मोजत होत्या. मोजपट्टीला वाटलं, तसंच मागे फिरावं. पण त्याने सगळं सांगितलं, मान खाली घालून.

बाईंनी रुमाल सोडला. "म्हणजे माझी आठ पावलं बरोबर होती?"

"बरोबर होती, बाई."

"तू वयाचं बोललास, तेव्हा ऐकायला कोण कोण होतं?"

"सगळी कंपनी."

"मग इथे एकटीला काय सांगतोस? सूनबाई, माझ्या चपला काढ गं."

संध्याकाळी तालमीला कंपनी जमली. मोजपट्टी मंचाच्या मधोमध उभा राहिला, आपल्याच सदऱ्याच्या गुंडीशी काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही!" शेवटच्या रांगेतून बाई.

"मंच चुकला होता. चूक माझी."

"शब्द तुटतोय. परत."

त्याने मान वर केली. "मंच चुकला होता! माझा आकडा शिळा होता. आणि वयाचं जे बोललो, ते..."

त्याचा हात पुन्हा गुंडीकडे गेला. शेवटच्या रांगेत बाई हाताची घडी घालून वाक्य पुरं व्हायची वाट बघत होत्या.